बीपीच्या खोलीतलं गाठोडं

आमच्या खोलीतले किस्से मी कधी मुद्दाम गोळा केले नाहीत. पावसाळ्यात दाराशी लोकांच्या छत्र्या साठतात ना, तसे ते साठत गेले. माणूस येतो, बोलतो, जरा हलका होऊन निघून जातो आणि छत्री विसरतो. दोन-तीन वर्षांत कोपरा भरला.

मैत्रिणी विचारतात, "तुझ्याकडे सगळे रडायला येतात आणि तू आम्हाला हसवतेस कशी?" मी म्हणते, येणारेच हसवून जातात. मी नंतर घरी जाऊन त्यांची काळजी करत बसते.

आधी एक सांगते. नावं बदलली आहेत. महाडात नाव बदललं तरी माणूस ओळखू येतो, म्हणून गावंही बदलली आहेत. फक्त भागाकाकूंचं नाव तसंच ठेवलंय. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "घाल की माझं नाव. मी काय कुनाचं चोरलंय? पन रेशनकार्ड सोडून गाठोड्यात काय व्हतं ते लिवायचं नाय."

ते मी लिहिणार नाही.

* * *

मी बारावी शिकलेली बाई. आधी अंगणवाडीत होते. मग एक प्रशिक्षण झालं. लोकांचं ऐकून घ्यायचं, धीर द्यायचा, जास्त वाटलं तर डॉक्टरांपुढे बसवायचं, एवढंच त्यात शिकवलं. तेवढंच शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण ऐकताना सल्ला द्यायचा नसतो. महाडच्या एका दवाखान्यात आम्हाला दर मंगळवारी एक खोली मिळाली. डॉक्टर मॅडम पुण्याच्या. औषधाचं त्या बघतात, बोलण्याचं मी.

पहिल्या दिवशी दारावर पाटी लावली, 'मानसिक आरोग्य कक्ष'. दोन महिने कुणी फिरकलं नाही. लोक पाटी वाचायचे आणि चालण्याचा वेग वाढवायचे. एका आजोबांच्या हातात काठी होती, तेसुद्धा काठी उचलून पळाले.

शेवटी आमच्या शिपाईमामांनी बाहेरचं बीपीचं मशीन उचललं आणि आमच्या टेबलावर आणून ठेवलं. म्हणाले, "आता बघा."

त्याच मंगळवारी बाकडं भरलं. माणूस आत यायचा, दंडाला पट्टा बांधून घ्यायचा आणि पट्टा फुगायला लागला की बोलायला लागायचा. पट्टा काढला की गप्प. मी एकेकाचं बीपी तीन-तीनदा घेतलंय, फक्त वाक्य पूर्ण व्हावं म्हणून.

पाटी अजून आहे. पण पोलादपूरच्या एसटीत विचाराल तर सगळे तिला 'बीपीची खोली' म्हणतात.

* * *

भागाकाकू पोलादपूरच्या बाजूच्या, डोंगरातल्या एका वाडीच्या. नवरा गेलेला. मुलगा सुरेश आणि सून डोंबिवलीला. घरात त्या, एक म्हैस आणि भात-नाचणीचं थोडं शेत.

काही वर्षांपूर्वी समोरच्या डोंगराची दरड खाली आली. काकूंच्या वाडीला धक्का लागला नाही. पण जन्मभर हिरवी दिसलेली बाजू एका सकाळी तांबडी झालेली त्यांनी पाहिली. तिकडची माणसं ओळखीची होती.

तेव्हापासून त्यांच्याजवळ गाठोडं. जुन्या लुगड्याचं, दोन गाठींचं. घर सोडून पळायची वेळ आली तर लागेल ते सगळं त्यात. शेतात गाठोडं, पाणवठ्यावर गाठोडं, म्हशीचं दूध काढताना मांडीला टेकवलेलं गाठोडं. घरात बसायच्या त्या उंबऱ्यावर, एक पाय बाहेर. झोपही तिथेच, बसल्या बसल्या. पावसाळ्यात हे समजण्यासारखं आहे. जोराचा पाऊस लागला की खालच्या शाळेत जायचं, असं सगळ्या वाडीला सांगितलेलंच आहे. पण काकू वैशाखातही उंबऱ्यावर.

त्या पहिल्यांदा बीपीला आल्या तेव्हा मॅडमनी हळूच विचारलं, "काकू, एवढ्या उन्हात दरड कशी येईल?"

"ते डोंगराला इचारा, मॅडम. मला काय इचारता?"

त्याच आठवड्यात सुरेशचा मला फोन आला. "ताई, गणपतीला मी येतोय. तोवर आई घरात सरळ आडवी होऊन झोपायला लागली नाय, तर घराला कुलूप लावून तिला इकडं घेऊन येणार. म्हैस विकून टाकणार. एकटी उंबऱ्यावर बसून एक दिवस जाईल ती, मला कळणार पण नाय."

त्याचं काही चुकत नव्हतं. मी काकूंना सांगितलं. त्या बराच वेळ गाठीशी बोटं चाळवत राहिल्या.

"एक खोली त्यांची," म्हणाल्या. "चार मानसं. तिथं माझी भीती मावंल का गो?"

मी कॅलेंडरवर गणपतीची तारीख गोल केली. साडेतीन महिने होते. त्या दिवसापासून ते पान दिसलं की माझ्याच छातीत धडधडायचं.

* * *

तुडीलचं एक जोडपं होतं. तुडीलकरांनी मनाला लावून घेऊ नये, गाव बदललंय.

नवरा पन्नाशीचा. सकाळी दहाला यायचा. झोप नाही, भूक नाही, कशात लक्ष नाही. त्याची एकच विनंती असायची, "ताई, घरी कळता कामा नाय. बायको घाबरट हाय." बाजारात मी दिसले की तो भाजीच्या गाडीकडे तोंड फिरवायचा. एकदा तर घाबरून दोन किलो शिराळी घेतली. पुढच्या मंगळवारी म्हणाला, "परवा ओळख दिली नाय, राग मानू नका. आमच्यात शिराळी कोन खात बी नाय."

महिन्याभराने एक बाई यायला लागली, दुपारी तीनला. आता काहीतरी वाईट होणार असं तिला सारखं वाटायचं. हातातलं भांडं पडायचं. "ताई, घरी कळता कामा नाय," ती म्हणाली. "नवरा आधीच कसल्या तरी काळजीत हाय. इचारलं तर सांगत नाय. मागं एकदा बाजारातनं शिराळी घेऊन आला. दोन किलो."

माझ्या डोक्यात उजेड पडला, पण तोंड उघडायची सोय नव्हती. एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम. दोन महिने मी दर मंगळवारी घड्याळ बघत बसले. तो दहाला गेला ना, ती तीनच्या आधी येणार नाही ना.

मग एका मंगळवारी सकाळची एसटी बिघडली आणि दहाचा माणूस तीनला पोचला. मी दार उघडलं तर बाकड्याच्या एका टोकाला तो आणि दुसऱ्या टोकाला ती.

"तू हितं?"

"बीपी. तुमी?"

"बीपी."

पुढे दोघंही समोरच्या भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचायला लागले. माझा जीव टांगणीला. तेवढ्यात शिपाईमामा आले आणि म्हणाले, "एकाच घरचे ना? मग चला की आत एकदमच. मागं लाइन हाय."

आत आले. मग मी आपलं एकेकाच्या दंडाला पट्टा बांधला.

दोघांचंही बीपी खरंच वाढलेलं निघालं.

* * *

भागाकाकूंना मॅडमनी एक काम दिलं. चहाचा कप संपेपर्यंत गाठोडं मांडीवरून खाली फरशीवर ठेवायचं. फक्त एक कप.

पहिल्या मंगळवारी काकूंनी ठेवलं, पण वर दोन्ही पाय ठेवले. चहा दोन घोटांत संपवला. तोंड भाजलं असणार.

तिसऱ्या मंगळवारी एकच पाय. पाचव्या मंगळवारी नुसता अंगठा, पण तो गाठीत घट्ट अडकवलेला.

मॅडम रजिस्टरमध्ये दर वेळी प्रगती लिहायच्या. बाकीच्यांच्या पानांवर झोप, भूक, औषध असं काय काय असायचं. काकूंच्या पानावर त्या दिवशी एकच शब्द होता: अंगठा.

आषाढ लागला तरी अंगठा सुटेना. घरी उंबराही सुटला नव्हता. सुरेश दर रविवारी फोन करून विचारायचा आणि मी म्हणायचे, "थोडा फरक आहे." खरं तर तो एका अंगठ्याएवढाच होता.

* * *

कदमभाऊ एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. तिथे काही झालेलं नव्हतं. पण आता होईल, आता होईल असं वाटून गेटवरच त्यांचे हातपाय गार पडायचे. घर कंपनीपासून जवळ, त्यामुळे सुट्टीच्या दिवशीही सुटका नाही. बायको-मुलांना घेऊन कुठे आणि कसं पळायचं, याचे बेत मनात चालू.

मॅडमनी त्यांना शिकवलं. डोळे मिटा, चार आकडे मोजत खोल श्वास आत घ्या, हळूहळू सोडा. कदमभाऊ डोळे मिटेनात.

"मॅडम, राग मानू नका. आमच्या ट्रेनिंगमध्ये पहिलं हेच शिकवतात, की वास आला तर खोल श्वास घ्यायचा नाही. आमच्यात दीर्घ श्वास घेणारा पहिला आडवा होतो."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मग तिथे काय करायला सांगतात?"

"वर बघायचं. उंचावर कापडाची लांब पिशवी लावलेली असते, वारा दाखवणारी. वारा कुठून येतोय ते बघायचं आणि त्याला आडवं चालत बाहेर पडायचं."

"मग घरी तेच करा."

कदमभाऊंनी आपल्या जुन्या युनिफॉर्मची बाही कापली आणि बांबूला बांधून परसात उभी केली. शेजारी विचारायचे, हा कुठल्या पक्षाचा झेंडा? ते रोज संध्याकाळी बाहीकडे बघायचे आणि आत जायचे.

महिन्याने आले तेव्हा चेहरा बराच उतरला होता, म्हणजे जागरणाची सूज उतरली होती. झोप लागते म्हणाले.

मॅडमनी विचारलं, "काल वारा कुठला होता?"

"कंपनीकडून घराकडे."

मॅडम दचकल्या. "मग?"

"मग काय, झोपलो. कुठून येतोय ते कळलं ना."

* * *

सगळ्यांना एकत्र बसवून बोलतं करावं, असं मॅडमच्या मनात आलं. पुण्यात असे गट चालतात म्हणे. आठजण गोल बसले. "कुणीही बोला," मॅडम म्हणाल्या. "बाकीच्यांनी फक्त ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही."

दहा मिनिटं नुसता पंखा बोलत होता.

बसलेल्यांत एक गुरवबाबा होते. गावदेवीपुढे गाऱ्हाणं घालायचं त्यांचं काम. वर्षानुवर्षं ते देवीपुढे उभं राहून साऱ्या गावाचं दुखणं-खुपणं मांडायचे आणि मागे उभा असलेला गाव एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणायचा. बायको गेली आणि बाबांचं बोलणंच थांबलं. गाऱ्हाणं दुसरंच कोणी घालायला लागलं. सून त्यांना हाताला धरून आणायची आणि ते भिंतीकडे बघत बसायचे. दोन महिने आम्ही त्यांचा आवाज ऐकला नव्हता.

शेवटी भागाकाकूच बोलल्या. गाठोडं मांडीवर.

"तो डोंगर फुटला त्या दिसापासनं माझ्याच घरात मी पाव्हनी झाले."

"व्हय म्हाराजा."

सगळ्यांनी वळून बघितलं. गुरवबाबा बोलले होते. नजर भिंतीवरच होती.

काकू थांबल्या नाहीत. "म्हस गोठ्यात आडवी पडते. मी उंबऱ्यावर बसून असते."

"व्हय म्हाराजा." आता तीन-चार आवाज होते.

"पोरगा म्हनतो, घर बंद कर."

"व्हय म्हाराजा," सगळी खोली म्हणाली. दाराबाहेरून शिपाईमामाही.

मॅडम माझ्या कानाशी आल्या. "ताई, हे काय चाललंय?"

"ऐकतायत, मॅडम."

नंतर मी बाबांना विचारलं, "बाबा, आज कसं काय?" सून दारात डोळे पुसत उभी होती.

"जन्मभर मी बोललो, लोकं व्हय म्हनाली," बाबा म्हणाले. "त्यांच्या बाजूला कधी हुभा ऱ्हायलो नव्हतो."

* * *

एक किस्सा माझ्याच घरचा. मॅडमची परतीची गाडी चुकली, म्हणून त्यांना चहाला घरी नेलं.

आमचं घर बाजारपेठेच्या मागे, तळमजल्यावर. मागे एकदा नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमच्याकडे छातीपर्यंत होतं. महाडात अजून माणसं 'पाण्याच्या आधी' आणि 'पाण्याच्या नंतर' अशीच वर्षं मोजतात. घर धुतलं, रंग दिला, सगळं जागेवर आलं.

तर चहा. मी आधण ठेवलं आणि शिडी लावली.

"शिडी कशाला?" मॅडम म्हणाल्या.

"साखर माळ्यावर आहे."

साखर उतरवली. मग चहापूड राहिली म्हणून परत चढले. मग बिस्किटांचा डबा. मॅडम मान वर करून बघत होत्या.

"एवढं सगळं वर ठेवता?"

"बरं पडतं," मी म्हटलं. "सवय झालीये."

मॅडमनी चहा घेतला. कप खाली ठेवताना म्हणाल्या, "ताई, तुमचं बीपी कोण घेतं?"

मी हसले. त्यांना एसटी स्टँडवर सोडून आले आणि साखर वर ठेवून दिली.

* * *

आता शेवटचा.

श्रावणातला मंगळवार. गणपतीला तीन आठवडे राहिले होते. त्या दिवशी आमचा गट रंगला होता. भागाकाकूंची चारची एसटी सुटायला आली, तशा त्या गडबडीने उठल्या आणि पळाल्या. सगळे गेल्यावर मी खुर्च्या उचलायला लागले तर एका खुर्चीखाली गाठोडं.

मला वाटलं, माझे डोळेच फसवतायत. उचललं आणि स्टँडवर धावले. एसटी फाटकातून बाहेर पडलेली. मी हात केले, हाका मारल्या. गेली.

वाडीवर फोनला रेंज नसते. दुसऱ्या दिवशी जोराच्या पावसाचा इशारा आला. आमची खोली तळमजल्यावर, नदी फुगत चाललेली. मी गाठोडं पिशवीत घालून घरी आणलं आणि माळ्यावर, साखरेच्या डब्यामागे ठेवलं.

पुढचे चार दिवस माझे कसे गेले ते विचारू नका. काकूंना ते रस्त्यात आठवलं असेल. मग काय झालं असेल? धडधड वाढून कुठे पडल्या असतील? गाठोडं शोधायला पावसातून उलट्या निघाल्या असतील? आणि खरोखर डोंगर हलला तर त्यांच्या हातात काय? त्यांचं सगळं माझ्याकडे. गुरुवारी मी स्टँडवर जाऊन पोलादपूरच्या कंडक्टरला विचारलं. तो म्हणाला, "वरचा रस्ता बंद हाय, ताई. वाडीची मंडळी शाळंत उतरलीत, येवढं ऐकलं. कोन आलं, कोन नाय, ते ठाव नाय."

शनिवारी सुरेशचा फोन. त्याचा आवाज कसातरीच येत होता.

"ताई, आई आज खाली रेंजमध्ये आली, तेव्हा बोलणं झालं. दोन दिवस शाळेत होती. काल पाऊस कमी झाला, तशी सगळ्यांबरोबर घरी गेली. मी गाठोड्याचं विचारलं तर म्हणते, ते बीपीच्या खोलीत हाय. मग विचारलं, झोपलीस कुठं? तर म्हणते, माजघरात. ताई, हे खरं असंल?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

मंगळवारी पोलादपूरची पहिली गाडी आली, त्यात काकू नव्हत्या. दुसऱ्या गाडीतून उतरल्या. रिकाम्या हातांनी चालायची सवय मोडली होती, त्यामुळे हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. कधी पदर धरायच्या, कधी हात पाठीमागे बांधायच्या.

मी धावतच गेले. "काकू, गाठोडं माझ्या घरी आहे. एकदम सुखरूप. काळजी करू नका."

"मी कशाला काळजी करू? तू घाबरलीयस. बस जरा." त्यांनीच मला बाकड्यावर बसवलं. "रेशनकार्ड तेवढं काढून दे. सुरेस येतोय गनपतीला. चार दिस ऱ्हाईल आन एकटाच माघारी जाईल, म्हनलाय."

दुपारी त्यांना घरी घेऊन गेले. शिडी लावली, चढले, साखरेचा डबा बाजूला सरकवून गाठोडं काढलं आणि खाली दिलं. त्यांनी ते घेतलं, पण लक्ष त्यात नव्हतं. दारात उभ्या राहून त्या वर बघत होत्या. साखर, पोहे, डाळींचे डबे, मिक्सर, शिलाई मशीनचं डोकं, लग्नातला फोटो, मुलीच्या दहावीपासूनच्या फायली, गाद्या. मग त्यांनी खाली बघितलं. फरशीवर एक चटई. कोपऱ्यात चार विटांवर उभा केलेला फ्रिज.

"पानी कधी आलं व्हतं?"

"झाली आता काही वर्षं."

"आन ह्ये सगळं खाली कधी आनायचं?"

"पावसाळा संपला की."

"तो तर दर साली संपतो गो."

मी शिडीवरच उभी होते. खाली उतरायचं सुचेना.

"बाय," भागाकाकू म्हणाल्या, "तुझं गाठोडं माझ्यापेक्षा मोठं हाय."

त्यांनी आपलं गाठोडं खोलीच्या मध्यावर फरशीवर ठेवलं. पाय ठेवला नाही, अंगठाही नाही. पदर कमरेला खोचला आणि मला हाताने खाली यायची खूण केली.

"उतर," म्हणाल्या. "आन शिडी धर."